शेतावरील कोठार व अवजारघर : आखणी, पाया आणि परवानगी

वाशीम जिल्ह्यातील सोयाबीनची काढणी दसरा-दिवाळीच्या सुमारास आटोपते आणि त्याच पंधरवड्यात बहुसंख्य शेतकऱ्यांचा माल एकाच वेळी बाजार समितीच्या आवारात येऊन पडतो. माल ठेवावयास कोरडी जागा नाही, या एका कारणाने कित्येकांना पहिल्या भावासच तो द्यावा लागतो. दुसरीकडे पेरणीच्या ऐन आठवड्यात पेरणी यंत्राचा एखादा दाता वाकला, तर तो सरळ करण्यासाठी तालुक्याची वाट धरावी लागते. आणि जूनमधील एका दिवसाची वाफ गेली की ती परत येत नाही. यामुळे कोठार आणि अवजारे दुरुस्त करण्याची जागा ही दोन्ही एकाच छपराखाली बांधण्याकडे शेतकऱ्यांचा कल होऊ लागला आहे. हा कल योग्य आहे. मात्र इमारत जेवढी मोठी, तेवढी तिची आखणी आणि तिचे कागद आधी पक्के असावयास पाहिजेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास नेमके काय सांगावयाचे, ते या लेखात मांडले आहे.

शेतमाल साठविण्याचा प्रश्न नवा नाही. पूर्वी आपल्याकडे पेव, कणगी, बळद ही साधने होती व ज्वारीसाठी ती पुरेशीही होती. १९५४ साली गोरवाला समितीने ग्रामीण पतपुरवठ्याच्या पाहणीचा जो अहवाल दिला, त्यात कर्ज, विक्री व साठवण या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जोडल्या पाहिजेत असे प्रतिपादन केले होते. त्यातूनच पुढे १९५६ चा वखारविषयक कायदा झाला व १९५७ साली आपल्या राज्यातील वखार महामंडळाची स्थापना झाली. येथे एक भेद शेतकऱ्यास प्रथमच स्पष्ट करून सांगावा. कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे; परंतु तिचा लाभ बाजार समितीच्या अथवा मान्य गोदामात ठेवलेल्या मालावर मिळतो. घरच्या कोठारातील मालावर वखारपावती निघत नाही. ज्यास माल ठेवून लगेच रक्कम उचलावयाची आहे, त्याने वखारीचा मार्ग धरावा. ज्यास बियाणे, घरचे धान्य आणि थोडा काळ थांबविण्याचा माल ठेवावयाचा आहे, त्यानेच घरचे कोठार बांधावे. हा निर्णय झाल्याशिवाय गवंड्यास बोलावू नये.

इमारत किती मोठी असावी, हे शेजाऱ्याची इमारत पाहून ठरवू नये. हिशेब करून ठरवावे. समजा, एका कुटुंबाची १२ एकर जमीन आहे. पैकी ८ एकरांत तुरीच्या आंतरपिकासह सोयाबीन आहे, उरलेल्या ४ एकरांत कपाशी आणि रब्बीत ६ एकर हरभरा. सोयाबीन एकरी ८ क्विंटल धरले तर ६४ क्विंटल, तूर १० क्विंटल आणि हरभरा एकरी ७ क्विंटलप्रमाणे ४२ क्विंटल होतो. सोयाबीन मार्चपर्यंत ठेवावयाचे असेल तर हे तिन्ही माल एकाच वेळी कोठारात असतील. म्हणजे एकूण ११६ क्विंटल. पोत्यांत भरलेल्या अशा मालास टनामागे सुमारे १.७ घनमीटर जागा लागते. यावरून २० घनमीटर जागा झाली. थप्पी २ मीटर उंच लावली तर केवळ थप्प्यांखाली १० चौरस मीटर जमीन जाते. याहून मोठे कोठार कशास, असे येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की थप्पी भिंतीस टेकवावयाची नसते. भिंतीपासून आणि दोन थप्प्यांच्या मधून ६० सेंटिमीटर वाट ठेवावी लागते. तसे न केल्यास भिंतीची ओल पोत्यात उतरते आणि मागच्या बाजूस उंदराने बीळ केले तरी महिनोन्महिने कळत नाही. तिन्ही थप्प्या १.८ मीटर रुंदीच्या एका ओळीत मांडल्या, तर कोठाराची लांबी ८ मीटर लागते. रुंदी ४ मीटर चालेल. परंतु माल चाळण्यास, मोजण्यास व बियाणे वेगळे ठेवण्यास जागा हवी, म्हणून ६ मीटर धरावी. त्यास लागून ६ मीटर बाय ६ मीटरचे अवजारघर काढल्यास संपूर्ण इमारत १४ मीटर लांब व ६ मीटर रुंद, म्हणजे ८४ चौरस मीटर होते. १२ एकरांच्या शेतकऱ्यास याहून मोठी इमारत सहसा लागू नये. कर्ज मिळते म्हणून दुप्पट बांधणे शहाणपणाचे नव्हे.

इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. कोठार पूर्वेच्या अंगास आणि अवजारघर पश्चिमेस असावे, म्हणजे दुपारचे कडक ऊन धान्यावर न येता अवजारघराच्या भिंतीवर पडते. दारे उत्तरेस ठेवावीत. आपल्याकडील पावसाची झड बहुधा नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येते, ती दारातून आत येत नाही. अवजारघराचे दार ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असावे. आज ट्रॅक्टर नसला तरी उद्या भाड्याचे मळणी यंत्र आत घ्यावे लागेल, याचा विचार आजच करावा. जागा निवडताना पाणी कोठे तुंबते ते भर पावसाळ्यात प्रत्यक्ष पाहावे. उन्हाळ्यात सर्वच शेत सपाट दिसते. आणि रस्ता! श्रावणात काळ्या मातीच्या पाणंदीतून भरलेली गाडी बाहेर निघत नसेल, तर भाव वाढूनही मालकास उपयोग नाही. बांधावरून जाण्याच्या वाटेविषयी वाद असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. तो निर्णय इमारत उभी राहण्यापूर्वी पदरात असावा.

आता पायाविषयी. या प्रदेशातील काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. वैशाखात ज्या भेगांत हात जातो, त्याच भेगा आषाढात नाहीशा होतात. अशा मातीत दीड-दोन हातांवर दगड भरून उभारलेली भिंत दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी फाटते. पुष्कळ शेतांवर अशा भिंती दिसतात आणि दोष बिचाऱ्या सिमेंटास दिला जातो! उपाय अवघड नाही. नियोजित जागेच्या समोरासमोरील दोन कोपऱ्यांत आणि मधोमध असे तीन खड्डे खणून मुरूम किती खोल लागतो ते पाहावे. तो एक-दीड मीटरवर लागला तर पाया थेट मुरुमापर्यंत न्यावा. तो फारच खोल असेल तर रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी विकसित केलेले, बुडाशी कांद्यासारखे फुगवलेले खांब घालावेत. हे खांब खोल काळ्या मातीत किमान ३.५ मीटर लांबीचे असावे लागतात व बुडाचा फुगवटा खांबाच्या जाडीच्या अडीच पट असतो. खांबांवरून जाणारी तुळई मातीवर टेकवू नये. तिच्याखाली सुमारे ८ सेंटिमीटर पोकळी सोडावी, म्हणजे फुगणारी माती तुळईस वर ढकलत नाही. हे काम इंजिनीअरच्या देखरेखीखालीच करावे. येथे वाचविलेला पैसा पुढे भिंतीच्या डागडुजीत दामदुपटीने जातो.

जोत्याच्या आतील काळी माती काढून टाकून मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांनी भरावा. प्रत्येक थरावर पाणी मारून तो धुमसाने ठोकावा. त्यावर प्लास्टिकचा जाड कागद अंथरून मग काँक्रीट करावे. जोते जमिनीपासून ७५ ते ९० सेंटिमीटर उंच आणि पायऱ्या सुट्या, काढून ठेवता येतील अशा असल्या, तर उंदरास चढता येत नाही. ही सोय कोठारापुरती करावी. अवजारघरास अर्थातच उतार लागतो. इमारतीभोवती सर्व बाजूंनी मीटरभर रुंद फरशी बाहेरच्या अंगास उताराची करावी आणि मोठे वाढणारे झाड जवळ लावू नये, कारण त्याची मुळे पायाखालचा ओलावा शोषतात व माती असमान आकसते.

छपरास पन्हाळी पत्रे चालतील. परंतु मृगाच्या अगोदरच्या वावटळीत पत्रे उडतात ते वजनाने हलके म्हणून नव्हे, तर कैच्या भिंतीवर नुसत्या ठेवलेल्या असतात म्हणून. कैची खांबात गाडलेल्या बोल्टाने आवळावी. पत्रा प्रत्येक तुळईस जे-बोल्टाने धरलेला असावा. झरोके छताजवळ समोरासमोर ठेवून त्यांस बारीक जाळी मारावी आणि पावसाळी हवेत ते बंद करता येतील अशी झडप बसवावी. बाहेरची हवा दमट असताना झरोके उघडे ठेवणे म्हणजे धान्यास ओल पाजणे होय.

कोठार व अवजारघर यांच्यामधील विटांची भिंत पत्र्यापर्यंत पूर्ण चढवावी. अर्ध्या भिंतीवरून वेल्डिंगची ठिणगी पलीकडे जाते. डिझेल अवजारघरात शेवटच्या कोपऱ्यात ठेवावे. कापूस या छपराखाली मुळीच ठेवू नये. कीटकनाशकांसाठी बाहेरून दार व कुलूप असलेली छोटी खोली स्वतंत्र काढावी. विजेच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते : शेतीपंपाच्या जोडणीवरून वेल्डिंग यंत्र चालविणे हा २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे वीजेचा अनधिकृत वापर ठरतो. अवजारघरास वेगळी जोडणी घ्यावी. विजेच्या तारांखाली तर इमारत बांधूच नये.

परवानगीचा विषय शेतकऱ्यास भीतीदायक वाटतो, पण तो मुळात एका प्रश्नावर उभा आहे : इमारत आपल्या शेतीसाठी आहे की धंद्यासाठी? १९६६ च्या जमीन महसूल संहितेत शेतइमारतीची व्याख्या दिलेली आहे. अवजारे, खत, वैरण व शेतमाल ठेवणे, गुरे बांधणे, कुटुंबाने अथवा गड्याने राहणे, ही कामे तीत येतात. कलम ४१ नुसार शेतजमिनीच्या धारकास अशी इमारत उभारण्याचा हक्क आहे. मात्र नगरपालिका क्षेत्रात, त्यालगत कायद्याने ठरविलेल्या अंतराच्या परिघात आणि प्रादेशिक योजनेने व्यापलेल्या क्षेत्रात आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. अशा ठिकाणी किमान ०.४ हेक्टर धारणक्षेत्राची अट आहे आणि बांधकामाच्या क्षेत्रफळावरही मर्यादा आहे. तेव्हा वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव किंवा मानोरा या शहरांजवळ ज्याचे शेत आहे, त्याने आपला गट या परिघात येतो काय हे तहसील कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे. परिघाबाहेरील शेतकऱ्यानेही तलाठ्यास, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज देऊन पोच ठेवावी. गावठाणात बांधावयाचे असल्यास ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीची परवानगी आवश्यक आहे.

याच इमारतीत गावातील इतरांचे ट्रॅक्टर पैसे घेऊन दुरुस्त होऊ लागले, किंवा कोठार व्यापाऱ्यास भाड्याने दिले, की ती शेतइमारत राहत नाही. तो अकृषिक वापर होतो. त्यासाठीच्या तरतुदी निराळ्या आहेत आणि त्या डावलल्यास दंड होऊन जागा पूर्ववत करण्याचा आदेश निघू शकतो. धंदा करणे मुळीच गैर नाही. पण तसा मानस असेल तर तो पहिल्या अर्जातच लिहावा. या तरतुदींत अलीकडे वारंवार बदल होत असल्याने जुन्या माहितीवर विसंबू नये.

अर्जापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. सातबाऱ्यावर भावांची नावे सामाईक असतील तर त्यांची लेखी संमती घ्यावी. वाटणीनंतर कोठार दुसऱ्याच्या हिश्श्यात गेल्याने भावाभावांत कायमचे वैर आल्याची उदाहरणे कमी नाहीत. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर तीवर कर्ज काढण्याआधी तहसीलमध्ये विचारावे. हद्दीचा वाद असल्यास भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी आणावी. शेत मोठ्या रस्त्यालगत असेल तर इमारत रस्त्यापासून किती आत हवी, हे सार्वजनिक बांधकाम खात्याकडून कळते. आणि कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या आसपास जमीन असणाऱ्यांनी वन खात्याकडेही चौकशी करावी. शेतीविषयक पायाभूत सुविधांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्रीय निधीतून २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर कमाल ७ वर्षे ३ टक्के व्याजसवलत ठेवण्यात आली. तिची चालू मुदत व अटी बँकेत विचारून घ्याव्यात. बँक नकाशा, परवानगी व सातबारा मागते. बांधून झाल्यावर कागद जमविणाऱ्यास ती सवलत बहुधा हुकते.

इमारत उभी राहिली म्हणजे माल टिकला असे होत नाही. सोयाबीन १२ टक्क्यांपेक्षा अधिक ओलाव्याने आत घेऊ नये. पोती फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत. घरच्या बियाण्याची थप्पी चार-पाच थरांहून उंच लावू नये आणि पोती आपटू नयेत. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते, आणि खालच्या थरातील दडपलेला दाणा जूनमध्ये उगवत नाही. पेरणीपूर्वी १०० दाणे गोणपाटात उगवून पाहावेत. ७० पेक्षा कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागेल. आर्द्रता मोजणे अथवा उगवणशक्तीची चाचणी याविषयी रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषि विज्ञान केंद्राचे मार्गदर्शन घ्यावे.

हरभरा व तुरीतील भुंगेऱ्यासाठी काही घरांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पोत्यांत टाकल्या जातात. हे अत्यंत घातक आहे. त्यांतून निघणारा विषारी वायू दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो व झोपलेल्या माणसास जागही येत नाही. या गोळ्या सामान्य शेतकऱ्यास विकण्यासही मनाई असून त्या वापरण्याचे काम केवळ शासनमान्य तज्ज्ञांनी करावयाचे आहे. म्हणून कोठारास लागून निजण्याची खोली नकाशात कोणी दाखविली असेल, तर गावकार्यकर्त्याने ती तेथेच खोडून दुसऱ्या जागी काढावयास सांगावी.