स्त्रियांचा रक्तदाब आणि इस्ट्रोजेन

सुरुवातीसच सांगते की मी डॉक्टर नाही. कला शाखेची पदवीधर आणि वाशीम येथे बँकेत लिपिक. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा स्त्री-शिक्षणावर चार ओळी लिहाव्यात असे मनात होते. परंतु गेल्या वर्षी घरातच एक कागद हाती आला. त्यानंतर जे वाचले आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतले, ते आपल्या आया-बहिणींच्या अधिक उपयोगाचे वाटले, म्हणून हा विषय.

तो कागद माझ्या थोरल्या बहिणीचा. ताई रिसोड तालुक्यात राहते, शेती करते. तेहेतिसाव्या वर्षी, अंगावरून फार जाते म्हणून, अकोल्याला तिचे ‘पिशवीचे ऑपरेशन’ झाले. पुढे एक्केचाळिसाव्या वर्षी सोयाबीन सोंगताना ती चक्कर येऊन पडली, तेव्हा रक्तदाब १७०/१०४ निघाला. काळजी करते, म्हणून वाढला, असे घरातले सगळे म्हणाले. मीही तेच म्हटले. गेल्या वर्षी दुसऱ्याच कामासाठी तिची पेटी उघडली तर तळाशी दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड सापडले. कागदावरची प्रत्येक नोंद वाचायची ही आमची नोकरीतली सवय. ऑपरेशनच्या नावापुढे ‘बी.एस.ओ.’ अशी तीन अक्षरे होती. त्यांचा अर्थ असा की, गर्भाशयाबरोबर दोन्ही बाजूंच्या नळ्या व दोन्ही बीजांडकोशही काढले. सतरा वर्षे ताईला हे ठाऊक नव्हते. तिच्या लेखी ‘पिशवी’ गेली होती, एवढेच.

बीजांडकोश गेले म्हणजे नेमके काय गेले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बीजांडकोशात महिन्याला बीज तयार होते हे आपण शाळेत शिकलो. पण तेथेच इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक तयार होऊन रक्तात मिसळते. पाळी येणे, गर्भ राहणे ही त्याची ओळखीची कामे. हाडे, मेंदू व रक्तवाहिन्या यांच्यावरही त्याचा अंमल चालतो, हे मात्र मला या वयात कळले. तरुण वयात स्त्रियांचा रक्तदाब त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा सरासरीने कमी असतो. पाळी गेल्यानंतर हा फरक कमी होत जातो, आणि साठीच्या पुढे स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीला येतात किंवा त्यांना मागे टाकतात. या बदलात इस्ट्रोजेनचा वाटा मोठा आहे.

शेतातल्या स्प्रिंकलरचा पाइप डोळ्यांसमोर आणा. मोटार तीच, पाणी तेवढेच, पण पाइप अरुंद झाला तर आतला दाब वाढतो. आपल्या रक्तवाहिन्या मात्र रबरासारख्या निर्जीव नाहीत, त्या गरजेप्रमाणे सैल व घट्ट होतात. त्यांच्या आतल्या बाजूस पेशींचे एक पातळ अस्तर असते. इस्ट्रोजेनमुळे हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अधिक तयार करते, आणि त्या वायूमुळे रक्तवाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात. हा वायू शरीरात असा निरोप्याचे काम करतो हे दाखवून देणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की आपला वाशीम जिल्हाही त्याच वर्षी, १ जुलैला, अकोल्यापासून वेगळा झाला.

दुसरी गोष्ट मिठाची. रक्तदाब कमी झाला की मूत्रपिंड रेनिन नावाचा पदार्थ सोडते. यकृताने तयार केलेल्या अँजिओटेन्सिनोजेन या कच्च्या मालावर त्याची क्रिया होते, आणि पुढच्या टप्प्यात अँजिओटेन्सिन-दोन हा पदार्थ तयार होतो. तो रक्तवाहिन्या आवळतो आणि शरीरात मीठ व पाणी धरून ठेवायला लावतो. अंगातले इस्ट्रोजेन या साखळीला बऱ्याच अंशी आवर घालते. ते कमी झाले की आवर सुटतो, आवळणाऱ्या नसांचा जोर वाढतो, आणि पूर्वी पचणारे तेवढेच मीठ आता रक्तदाब वाढवू लागते. म्हणजे चाळिशीपर्यंत ठेचा-लोणचे खाऊन काही झाले नाही, म्हणून पन्नाशीतही होणार नाही, असा हिशोब मांडू नये.

आता एक उलटी बाजू, जिने माझा प्रथम गोंधळ उडाला. इस्ट्रोजेन रक्तदाब आवरते म्हणता, तर मग गर्भनिरोधक गोळ्या देण्यापूर्वी रक्तदाब का मोजतात? माला-डी, माला-एन या गोळ्यांत इस्ट्रोजेनच असते, मात्र बनवलेले. इथिनिल इस्ट्रॅडिओल, एका गोळीत ०.०३ मिलिग्रॅम. त्याचा अंमल शरीरातल्या इस्ट्रोजेनपेक्षा कितीतरी जोरदार आहे. शिवाय गोळी पोटातून थेट यकृतात जाते, आणि यकृत तो कच्चा माल अधिक बनवू लागते. बहुतेकींचा रक्तदाब यामुळे थोडाच वाढतो, काहींचा मात्र बराच वाढतो. १९६०च्या दशकात या गोळ्या आल्या तेव्हा त्यांत इस्ट्रोजेन कितीतरी पट अधिक असे आणि तेव्हाच डॉक्टरांच्या हे लक्षात आले. गोळी बंद केल्यावर काही महिन्यांत रक्तदाब साधारणतः खाली येतो. ज्यांचा रक्तदाब १४०/९० किंवा अधिक आहे त्यांना या गोळ्या सहसा देऊ नयेत, आणि १६०/१०० च्या वर तर मुळीच देऊ नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. आठवड्याची ‘छाया’ गोळी, तांबी असे दुसरे मार्ग सरकारी दवाखान्यात आहेत. शेजारणीच्या पाकिटातून गोळ्या घेणाऱ्या भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे.

मग पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेतल्या तर रक्तदाब खाली येईल का? नाही. अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेला मोठा प्रयोग २००२ साली मध्येच थांबवावा लागला, कारण इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत फायद्यापेक्षा अपाय जास्त दिसला. रक्तदाबावरचा उपाय म्हणून हे संप्रेरक कोणी देत नाही.

ताईची गोष्ट मात्र निराळी आहे. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते, आणि इस्ट्रोजेन हळूहळू उतरते. दोन्ही बीजांडकोश काढले की ते एक-दोन दिवसांतच घसरते. पुढची बारा-चौदा वर्षे ज्या आधारावर शरीराचा हक्क होता, तो एका सकाळी काढून घेतला जातो. पंचेचाळिशीच्या आत असे झालेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न मिळालेल्या स्त्रियांना हृदयविकाराचा धोका अधिक असतो, असे अभ्यासांत आढळले आहे. म्हणून अशा स्त्रियांना, दुसरा अडसर नसेल तर, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे असे तज्ज्ञ सांगतात, आणि त्वचेवर लावायच्या जेलने रक्तदाबावर फारसा परिणाम होत नाही. ताईचा रक्तदाब केवळ याच कारणाने वाढला असे कोणी छातीठोक सांगणार नाही, आमच्या आईलाही होता. पण वर्षातून एकदा मोजला असता तर शेतात पडायची वेळ आली नसती.

हे एका ताईपुरते नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशवीच्या ऑपरेशनांची चर्चा राज्यभर झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की कोयत्यामागे पैसे कापले जातात, उचल फिटत नाही, आणि मग ‘एकदाची कटकट जाऊ दे’ असे बाईच म्हणू लागते. वर्तमानपत्रांतून ‘पिशवी’ हाच शब्द राहिला, बीजांडकोशाचे नाव फारसे निघाले नाही. माझ्या मते खरे विचारायचे तेच होते. बीजांडकोश ठेवले असले तरी गर्भाशय काढलेल्या स्त्रीचे इस्ट्रोजेन काहीसे लवकर आटू शकते, आणि पाळीच नसल्याने ते केव्हा आटले हे तिला कळतही नाही.

तेव्हा ज्यांचे हे ऑपरेशन झाले आहे त्यांनी जुना कागद शोधावा, आणि बीजांडकोश आहेत की काढले हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. ज्यांचे व्हायचे आहे त्यांनी ऑपरेशनपूर्वी विचारावे, आणि गोळ्या-औषधांनी भागेल का हेही विचारावे. गरोदरपणात ज्यांचा रक्तदाब वाढला होता त्यांनीही जपून राहावे, कारण पुढे त्यांना तो पुन्हा धरण्याची शक्यता जास्त असते.

रक्तदाब आरोग्य उपकेंद्रात फुकट मोजतात. तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी करण्याची शासनाची योजनाच आहे. मात्र धापा टाकत जाऊन लगेच हात पुढे करू नये. पाच मिनिटे पाठ टेकून बसावे, अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री नको. पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून बांधू देऊ नये, हात छातीच्या पातळीवर टेकलेला असावा, मोजताना बोलू नये. दोनदा मोजायला सांगावे आणि आकडा लिहून घ्यावा. आमच्या बँकेत पासबुक भरून घेतल्याशिवाय बाई काऊंटर सोडत नाही, तसेच येथे करावे.

ताई आता रोज गोळी घेते, मीठ बेताने खाते. मागच्या महिन्यात तिचा रक्तदाब १३२/८४ होता. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स तिने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे, आणि डॉक्टरकडे जाताना ती बरोबर नेते.