'काय' म्हणालात तर कोंबडी येईल

बँकॉकच्या बीटीएस मेट्रोत पहिल्यांदा चढाल तेव्हा ऐकू येईल, 'सथानी तॉ पाय... अशोक.' जन्मभर 'पुढील स्टेशन ठाणे' ऐकलेल्या माणसाला याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. सथानी म्हणजे स्थानक, आणि अशोक तर आपलाच. नवा माणूस फसतो तो इथेच. त्याला वाटतं, थाई तर संस्कृतच, महिनाभरात जमेल. ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून येऊन इथे मुरलेल्या आम्हा चार-पाच घरांचा अनुभव उलटा आहे. लांबलचक शब्द सांभाळून घेतात. घात करतात ते एका अक्षराचे.

आमच्यातल्या एका जोडप्याची पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दोघंही शाकाहारी. रस्त्यावरच्या गाडीपाशी उभं राहून नवऱ्याने बायकोला विचारलं, "काय घ्यायचं? काय?" गाडीवाल्या मावशींनी मान डोलावली आणि दोन ताटल्या पुढे केल्या. भातावर कोंबडी! थाईत कोंबडीला जवळजवळ 'काय'च म्हणतात आणि अंड्याला 'खाय'. क आणि ख मधला फरक गोऱ्या मंडळींना महिनोन् महिने ऐकू येत नाही, आपल्याला तो जन्मजात येतो. तेवढं एक आपल्या बाजूने आहे. शाकाहारासाठी दोन शब्द पाठ करा. 'मांगसाविरात' म्हणजे मांसविरती, पण त्यात अंडं चालतं. 'चे' म्हणाल तर अंडं, दूध, कांदा, लसूण सगळं बाद. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की ते 'चे' दुकान. शिवाय 'माय साय नाम प्ला' हे वाक्य घोकून ठेवा: माशाचा रस घालू नका. तो न सांगता भाजीतही पडतो.

आता सूर. थाईत ते पाच आहेत आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. 'खाव' हा एकच आवाज सुराप्रमाणे आणि थोडा लांबवून-आखडून भात, पांढरा, बातमी, गुडघा, डोंगर किंवा 'आत येणे' होतो. सगळ्यात छळतो तो 'क्लाय'. आवाज वरून खाली सोडला, आपण मुलाला दटावताना 'अरे!' म्हणतो तसा, तर जवळ. सपाट ठेवला तर लांब. म्हणजे जवळ आणि लांब यांत फरक फक्त सुराचा! घर बघताना दलाल म्हणाला 'क्लाय', आम्ही समजलो स्टेशन जवळ. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' या डोंबिवलीतल्या जाहिरातींवर वाढलेलो असूनही फसलो. भर उन्हात पंचवीस मिनिटं चाललो. तेव्हापासून एकच प्रश्न विचारतो, 'की नाथी?' म्हणजे किती मिनिटं. ही नाथी आपल्या 'नाडी'ची, घटिका मोजण्याच्या जुन्या मापाची, नातेवाईक.

नातेवाईक म्हटलं की भरवसा ठेवायचा नाही, हेही आलंच. वेला म्हणजे वेळ, ख्रू म्हणजे गुरू, फासा म्हणजे भाषा, इथवर ठीक. पण 'फयायाम' हा मुळात व्यायाम असला तरी अर्थ प्रयत्न. 'प्रथेत' म्हणजे प्रदेश नव्हे, अख्खा देश. 'विथ्थान' हा मूळचा विस्तार, इथे त्याचा अर्थ विकृत. सादरीकरणात 'विस्ताराने सांगतो' असं थाईत जुळवायला जाऊ नका. आमच्यातल्या एकीने सहकारी बाईंना डोंबिवलीतल्या एकत्र कुटुंबाची हकीकत सांगितली. बाई तिचा हात धरून म्हणाल्या, 'सोंगसान.' हिला वाटलं, संसार हा शब्द ओळखला वाटतं! सोंगसान आला संसारावरूनच, पण त्याचा अर्थ कीव.

म्हणींची मात्र काळजी नको. 'म्हशीपुढे सारंगी वाजवणे' म्हणजे आपली गाढवापुढची गीता. नाच जमला नाही की सनई-ढोलकीला दोष देणारा थाई माणूस आपल्या वाकड्या अंगणातच नाचतो. गाय हरवल्यावर गोठ्याला कुंपण घालणाऱ्याने झोपाही केलेला असतो. वाघापासून पळून मगरीला भिडणं, हे आगीतून फुफाट्यात. चुकीच्या उच्चारात का होईना, ऑफिसात एक म्हण टाकून बघा. अख्खा मजला हसतो आणि फोनवर '५५५' असे निरोप येतात. पाचाला थाईत 'हा' म्हणतात; वाचा म्हणजे कळेल.

'चाय' म्हणजे मन, आणि त्याचे जोडशब्द संपत नाहीत. मनात शिरलं की समजलं, मन पडलं की दचकलं, 'चाय येन येन' म्हणजे दमाने घ्या. यातला 'क्रेंग चाय' नोकरीवर लागणारच. त्याला मराठीत नेमका शब्द आहे: भीड. फरक एवढाच, की आपण भिडेला भिकेची बहीण म्हणतो आणि इथे ती चांगल्या वळणाची खूण. त्यामुळे 'शुक्रवारपर्यंत होईल ना?' या प्रश्नावर आलेला 'ख्रप' म्हणजे होकार नसतो; आपलं 'हं हं' असतं तसं, ऐकलं एवढंच. होईल का असं विचारूच नका. कुठवर आलंय, ते विचारा.

'खॅक' हा शब्द पाठीमागून ऐकू आला तर लगेच चिडू नका. त्याचा पहिला अर्थ पाहुणा. भारतीयांना आणि पश्चिमेकडच्या मुसलमानांनाही तोच शब्द लावतात. सिलोमच्या मारिअम्मन देवळाला सगळं शहर 'वाट खॅक' म्हणतं. कधीकधी त्यात कुत्सितपणा असतो, हेही खरं. तो शब्दात नसतो, सुरात असतो, आणि तो सूर ओळखायला आम्हाला दोनेक वर्षं लागली. गोऱ्यांना 'फरांग' म्हणतात, आपला फिरंगीच. पेरूलाही फरांगच म्हणतात, तेव्हा त्यांच्याही नशिबी काही वेगळं नाही.

ओळख होताच कुणी 'आयु थाव राय?' विचारेल. आयु कळलं ना? वय विचारतात, पण तो भोचकपणा नव्हे. तुम्हाला 'फी' म्हणायचं, म्हणजे दादा-ताई, की धाकट्याला म्हणतात तसं 'नोंग', ते त्याशिवाय ठरत नाही. वय खरं सांगा. आमच्यातल्या एकाने हौसेने चार वर्षं कमी सांगितली. ऑफिसच्या जेवणात सगळ्यांच्या ग्लासात बर्फ घालायचं काम अजून त्याच्याकडेच आहे.