मुक्काम कुठे टाकायचा?

कॅम्पचा आराखडा करताना आपण कॅडेट आधी वाट बघतो, मग अंतर, मग चढ. रात्र कुठे काढायची हा प्रश्न शेवटी येतो आणि त्याचे उत्तर घाईत दिले जाते. गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत मीही तसेच दिले. त्याचा त्रास मला झाला नाही, माझ्या बारा वर्षांच्या मामेभावाला झाला. म्हणून हा लेख.

आमचे घर दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आहे. एन.सी.सी.चे महासंचालनालय तिथेच, वेस्ट ब्लॉक-४ मध्ये आहे. त्या फाटकावरून जाताना माझी मान आपोआप ताठ होते. मामा मात्र अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राहतात. ते शिक्षक आहेत आणि दर हिवाळ्यात मुलांना घेऊन गडांवर जातात. या वेळी त्यांनी नकाशा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तू मिलिटरी स्कूलचा. मुक्काम तू ठरव."

जागा दोन होत्या. पहिली, भंडारदऱ्याच्या जलाशयाचा काठ. प्रवरा नदीवरचे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्या पाण्याच्या कडेला गावकरी तंबू लावून देतात. तिथे संडास आहे, पाण्याची टाकी आहे, पिठलं-भाकरी मिळते आणि गाडी तंबूपर्यंत येते. दुसरी जागा रतनगड. जलाशयाच्या वरच्या टोकाला रतनवाडी गाव आणि अमृतेश्वराचे जुने मंदिर आहे. तिथून गर्द झाडीतून वाट चढते, शेवटी लोखंडी शिड्या लागतात आणि वर दरवाजाजवळ गुहा आहे. दिवा नाही, संडास नाही. पाणी कातळातल्या टाक्यांचे.

मामांचे बोलणे संपायच्या आत मी "रतनगड" म्हणालो. तंबू लावून ठेवलेल्या जागी झोपणे म्हणजे सहल, असे मला वाटत होते.

गडावर काय झाले

आम्ही सहा जण होतो: मामा, मी, मामेभाऊ, मामांचे दोन विद्यार्थी आणि रतनवाडीचे वाटाडे दादा. मामांनी वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून परवानगी घेतली होती. निघायला उशीर झाला आणि वर पोहोचेपर्यंत सूर्य मावळतीला आला. पहिल्या टाक्यावर शेवाळ होते. पिण्यालायक टाके पुढे होते. दादांनी ते दाखवले आणि आम्ही बॅटरीच्या उजेडात दोन खेपा केल्या. रात्र छान गेली. इतके तारे दिल्लीत मी कधी पाहिले नव्हते.

सकाळी मामेभावाचे डोके दुखत होते. त्याने नाश्ता केला नाही. शिडीपाशी आल्यावर त्याला चक्कर आली आणि पायात गोळे आले. दादांनी त्याची सॅक घेतली, मामांनी त्याला दोर बांधला आणि तीन पायऱ्या, थांबा, तीन पायऱ्या, असे करत त्याला उतरवले. शिडीच्या पायथ्याशी मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले. अर्ध्या तासाने तो नीट बोलू लागला.

त्याची बाटली मी पाहिली. आदल्या दुपारपासून तो जेमतेम अर्धा लिटर पाणी प्यायला होता. मी विचारले, "का रे?" तो इतरांकडे बघून हळूच म्हणाला, "दादा, पाणी प्यायलो असतो तर रात्री उठावं लागलं असतं. बाहेर खूप अंधार होता."

जागा निवडताना मी उंची पाहिली, वारा पाहिला, शिडी पाहिली. या मुलाला रात्री उठावे लागेल, हे मी पाहिले नाही. आणि त्याने ते आपणहून सांगितले नाही, कारण मिलिटरी स्कूलचा दादा समोर होता.

रानातला मुक्काम म्हणजे काय

सोयीच्या मुक्कामावर काही कामे आपल्यासाठी कोणीतरी आधीच केलेली असतात. पाणी आणलेले असते, घाण वाहून नेलेली असते, जमीन साफ केलेली असते, मदतीचा रस्ता काढलेला असतो. रानातल्या मुक्कामावर ही सगळी कामे उरतात आणि ती आपली असतात. म्हणून "मी किती कणखर आहे" हा प्रश्न इथे कामाचा नाही. "ही कामे आमच्यात कोण करणार आणि कशाने करणार" हा प्रश्न कामाचा आहे. मी तो चार भागांत मांडतो.

पहिले, पाणी. चालत्या माणसाला दिवसाला तीन ते चार लिटर प्यायला हवे. सहा जणांचे चार लिटरने चोवीस होतात. स्वयंपाक आणि भांडी यांचे दहा धरा. एकूण चौतीस लिटर, म्हणजे चौतीस किलो. आम्ही प्रत्येकी दोन लिटर, म्हणजे बारा लिटर घेऊन चढलो. बाकीचे बावीस टाक्यावरून आणायचे होते आणि हा हिशेब मी निघण्याआधी केलाच नव्हता. टाक्याचे पाणी गाळून खळखळून उकळावे, उकळी आल्यावर किमान एक मिनिट ठेवावे. क्लोरीनची गोळी टाकली तर अर्धा तास थांबावे. अंधारात, दमलेल्या पोरांना अर्धा तास थांबवणे हेही एक काम आहे.

दिल्लीला परतल्यावर मी एक प्रयोग केला. सकाळी वीस लिटरची बादली भरली आणि दिवसभर तेवढ्यातच भागवायचे ठरवले. आंघोळ धरून ती साडेदहा वाजताच संपली. तुम्ही घरी किंवा हॉस्टेलमध्ये हे एकदा करून बघा. पाण्याचा धडा गडापेक्षा बादलीतून लवकर समजतो.

दुसरे, शौच. यावर कोणी बोलत नाही आणि म्हणूनच घोटाळा होतो. टाके, ओढा किंवा वाट यांच्यापासून किमान साठ मीटर, म्हणजे साधारण ऐंशी पावले दूर जावे. वीतभर खोल खड्डा करावा, नंतर मातीने बुजवावा, कागद पिशवीत घालून खाली न्यावा. ही जागा उजेड असतानाच ठरवावी आणि सगळ्यांना दाखवावी. रात्री दोघांनी मिळून जायचे हा नियम करावा. नियम असला की लाज वाटत नाही, कारण मग कोणाला मागावे लागत नाही. माझ्या मामेभावाला एवढेच हवे होते.

तिसरे, जमीन आणि हवा. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू लावू नये, वर कुठे पाऊस झाला तर पाणी खाली येते. वठलेल्या फांदीखाली लावू नये. कड्यावर आग्या मोहोळ आहे का ते बघावे, त्याच्या जवळ धूर किंवा अत्तर म्हणजे संकटाला आमंत्रण. सह्याद्रीत मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावला तरी बऱ्याचदा कळतही नाही. तेव्हा तंबूची चेन बंद, बूट झटकून घालायचे आणि बॅटरीशिवाय पाऊल टाकायचे नाही. थंड हवा जड असते, ती दरीत आणि पाण्याकाठी साचते. म्हणून काठापेक्षा थोड्या वरच्या सपाटीवर थंडी आणि दव कमी लागते. आणि तंबू कितीही गार असला तरी बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये, त्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

चौथे, परतीची वाट. सर्वात अशक्त माणसाला रात्री दोन वाजता खाली न्यायचे झाले तर कसे नेणार? किती वेळ लागेल? फोनला रेंज कुठे आहे? रतनगडावर माझे उत्तर होते: शिड्या, अंधार आणि एकटे दादा. हे उत्तर मला सकाळी मिळाले, ते आदल्या दिवशी मिळायला हवे होते.

कायदा आधी

हे चार प्रश्न विचारण्याआधी एक पायरी आहे. तिथे राहायची परवानगी आहे का? रतनगडचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात जायला परवाना लागतो, आणि जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणे किंवा पेटती सोडून जाणे हा गुन्हा आहे. म्हणजे सिनेमातली शेकोटी विसरा. मुक्कामाचे नियम ऋतूप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलतात. मागच्या वर्षी कोणी राहिले होते म्हणून या वर्षी राहता येईल असे नाही. दिल्लीत आमच्या घराजवळच्या रिजच्या जंगलात बाबा आणि मी फिरायला जातो. तिथेही मला एकदा तंबू लावावासा वाटला होता. ते राखीव वन आहे, तिथे फक्त चालायचे.

सोयीची जागा सुद्धा तपासा

दुसरी रात्र आम्ही जलाशयाच्या काठी काढली. मामेभाऊ पोटभर पाणी प्यायला, दोनदा एकटाच उठून संडासला गेला आणि सकाळी सगळ्यांच्या आधी तयार होता. मला मात्र झोप लागली नाही. शेजारच्या तंबूंत मध्यरात्रीपर्यंत स्पीकर चालू होता. दवाने तंबू आतून ओला झाला. सकाळी काठावर प्लास्टिकच्या ताटल्या पडल्या होत्या आणि कुत्री त्या ओढत होती.

सोयीचेही ओझे असते, फक्त ते आपल्या पाठीवर नसते, जंगलाच्या पाठीवर असते. मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला याच भागात झाडे काजव्यांनी लखलखतात. काजवे जोडीदार शोधण्यासाठी चमकतात. तंबूंचे दिवे आणि गाड्यांचे हेडलाइट यांच्या झोतात त्यांचा इशारा जोडीदाराला दिसत नाही. म्हणजे काजवे बघायला आलेली गर्दीच काजव्यांची अडचण होते.

तरी दुसरी बाजूही खरी आहे. इथे बरीच वस्ती महादेव कोळी समाजाची आहे. गावात जेवलो, वाटाड्या घेतला, तंबू भाड्याने घेतला तर पैसा गावात राहतो. म्हणून सोयीची जागा निवडताना विचारा: कचरा कुठे जातो, संडासाचे पाणी कुठे जाते, रात्री दिवे किती वाजता बंद होतात?

गड बांधणाऱ्यांनी काय केले

परतताना गाडीत मामांनी आज्ञापत्राबद्दल सांगितले. रामचंद्रपंत अमात्यांच्या या ग्रंथात गड कसा बांधावा याचा विचार आहे, आणि त्यात किल्ल्याची जागा ठरवण्याआधी पाणी पाहण्याची ताकीद आहे. मग मला ती टाकी आठवली. कातळात एवढे मोठे हौद कोणीतरी छिन्नीने खोदले होते. मी ज्याला "काही सोय नसलेली जागा" म्हणत होतो, तिथे शेकडो वर्षांपूर्वी आधी पाण्याची सोय केली गेली आणि मग माणसे राहिली. त्या लोकांच्या कणखरपणावर आपण पोवाडे म्हणतो. पण कणखर माणसांनीही पाणी आधी पाहिले होते.

मग निवड कशी करायची

आता मी या क्रमाने जातो:

१. परवानगी आहे का? नसेल तर विषय संपला.
२. गटातला सर्वात लहान, सर्वात नवीन किंवा सर्वात गप्प कोण? त्याला बाजूला घेऊन विचारा, सगळ्यांसमोर नाही.
३. पाण्याचा हिशेब लिटरमध्ये कागदावर लिहा.
४. अंधार पडण्याआधी दोन तास जागेवर पोहोचता येईल का? येत नसेल तर खालीच थांबा.
५. रात्री दोनची परतीची वाट तोंडाने सांगून बघा. सांगता आली नाही तर ती वाट नाही.

यात एकाही उत्तरावर अडलात तर सोयीचा मुक्काम घ्या. त्यात कमीपणा नाही. शिवाय मधला मार्ग असतोच: गावात मुक्काम करायचा, पहाटे हलक्या सॅकने गड चढायचा आणि उजेडात परतायचे. नवख्या गटासाठी मला आता हाच सर्वात चांगला वाटतो. रानातला मुक्काम सोडायचा नाही, पण तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या कॅम्पला ठेवायचा, जेव्हा पाणी आणणे, खड्डा करणे आणि जोडीने उठणे यांची सवय झालेली असेल.

पालकांना एक विनंती. मुलगा कॅम्पहून आला की "घाबरला नाहीस ना?" असे विचारू नका, त्याचे उत्तर आम्ही नेहमी "नाही" असेच देतो. "पाणी किती प्यायलास?" असे विचारा.

मागच्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. पुढच्या हिवाळ्यात त्याला पुन्हा रतनगडावरच झोपायचे आहे. मी म्हणालो, "जागा या वेळी तू ठरव." त्याने लगेच विचारले, "दादा, ते चांगलं टाकं गुहेपासून किती पावलं होतं?" मला सांगता आले नाही. या वेळी आम्ही दोघे उजेडात मोजणार आहोत.