बालहक्क : तक्त्यावरून वर्गात



२० नोव्हेंबर जवळ आला की आपण शाळेत बालहक्कांचा तक्ता लावतो, परिपाठात माहिती सांगतो, फोटो काढतो. मीही तेच करायचे.

काही वर्षांपूर्वी दुसरीच्या वर्गात हातच्याची बेरीज शिकवत होते. एक मुलगा करंगळी दाखवत उभा राहिला. "बाई, जाऊ?" मी म्हटलं, "आत्ताच सुट्टी झाली ना? बस खाली." त्याने पुन्हा विचारलं. मी फळ्याकडेच बघत राहिले. थोड्या वेळाने वर्गात हसू फुटलं. त्याची चड्डी ओली झाली होती. पुढचे दोन दिवस तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आजी घेऊन आली. तक्रार केली नाही, एवढंच म्हणाली, "बाई, पोरगं म्हनतंय, सगळी हसत्यात." त्याच्या बाकामागे माझ्याच अक्षरातला तक्ता होता : 'सन्मानाने जगण्याचा हक्क'.

कायदा काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये बालहक्क संहिता स्वीकारली. भारताने ती १९९२ मध्ये मान्य केली. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. छडी आपण ठेवून दिली, पण 'ढ', 'मठ्ठ' हे शब्द अजून तोंडात आहेतच. कलम २९ तर म्हणतं की मूल भीतीमुक्त असावं, त्याला मोकळेपणाने मत मांडता यावं.

मी वर्गात केलेले बदल

१. दाराजवळ खुंटीला दोन लाकडी पाट्या टांगल्या, एक मुलींची, एक मुलांची. पाटी घ्यायची, जाऊन यायचं, परत टांगायची. विचारायचं नाही. पहिला आठवडा सगळा वर्ग फिरून आला! नंतर नवलाई संपली.

२. झाडू मुलींकडे आणि बाक उचलणं मुलांकडे, असं होत होतं. आता हजेरी क्रमांकाने पाळी लावते. वर्गातल्या कामात सगळे सारखे.

३. जातीचे दाखले, शिष्यवृत्ती, भत्ता यांसाठी वर्गात नावं पुकारत नाही. पालकांना वेगळं बोलावून सांगते.

४. खेळाचा तास शिक्षा म्हणून किंवा अभ्यासक्रम राहिला म्हणून कापत नाही. खेळ आणि विश्रांती हा संहितेतला हक्कच आहे (कलम ३१).

५. वर्गाचे नियम मुलंच ठरवतात. यंदा एक नियम आला : "बाईंनी पण ओरडायचं नाही." तो मी फळ्यावर लिहिला. मोडला की मुलं बोट दाखवतात आणि मी 'चुकलं' म्हणते.

"हक्क शिकवले तर मुलं डोक्यावर बसतील," असं स्टाफरूममध्ये ऐकू येतं. माझा अनुभव उलटा आहे. ज्या मुलाचं ऐकून घेतलं जातं, ते दुसऱ्याचंही ऐकायला शिकतं. माझ्या वर्गातला गोंगाट कमी झाला नाही, पण मारामाऱ्या नक्की कमी झाल्या.

पालकांसाठी थोडंसं

मूल घरी आलं की "किती मार्क पडले?" याआधी "आज कशाची भीती वाटली का?" हे विचारा. उत्तर लगेच येणार नाही, पण रोज विचारा. "शाळेत मार दिला तरी चालेल, बाई," असं आम्हांला कृपया सांगू नका. तो अधिकार तुम्हीही देऊ शकत नाही. मूल खरंच संकटात असेल तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. हा क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या.

तो मुलगा पुढे माझ्याच वर्गात टिकला. पाटी टांगली त्या दिवशी पहिला तोच उठला. माझ्याकडे एकदा बघितलं, पाटी घेतली आणि गेला. परत आला तेव्हा कोणी हसलं नाही.

तक्ता जरूर लावा. पण उद्या तुमच्या वर्गात करंगळी वर झाली की काय होतं, तेही एकदा बघा.