मुलाचा गेमिंग चॅनल: कर्ज मागण्याआधी हिशोब मांडूया



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी १२,००० रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी? मुलाच्या नव्या मोबाईलसाठी. मुलगा १५ वर्षांचा. तो शेतीचा गेम खेळतो आणि त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. ताई शेजारी बसून बोलतात, "गेममध्ये पेरलं की उगवतंच. आपल्याकडे पाऊस लांबला की दुबार पेरणी. मग बियाण्याला पैसा कुठून आणायचा?" खेळता खेळता घरखर्चाचे, बचतीचे चार शब्द. ऐकायला खरंच छान वाटतं.

पण काही जणी हसल्या, "खेळायला कर्ज?" मलाही लगेच उत्तर देता आलं नाही. मग मी माहिती काढली. तोच आजचा पाठ.

१. पैसा कधी येतो?

व्हिडिओ टाकला की लगेच कमाई सुरू होत नाही. मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर लागतात. शिवाय मागच्या १२ महिन्यांत लोकांनी ते व्हिडिओ एकूण ४,००० तास पाहिलेले असावे लागतात. म्हणजे २,४०,००० मिनिटं! एकाने सरासरी ४ मिनिटं पाहिलं, तर ६०,००० वेळा व्हिडिओ बघितला जायला हवा. त्यानंतरही १०० डॉलर जमल्यावरच रक्कम बँकेत येते. गटाचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो.

२. खातं कोणाचं, कमाई कोणाची?

१८ वर्षांखालच्या मुलाला स्वतःच्या नावावर हे पैसे घेता येत नाहीत. मोठ्या माणसाचं खातं लागतं. ते आईचं असू द्या, पासवर्डही तिला माहीत हवा. पण मुलाच्या कष्टाचं काय? अमेरिकेत रायन काजी या मुलाचा चॅनल आईवडिलांनी २०१५ मध्ये सुरू केला, तेव्हा तो ३ वर्षांचा होता. पुढे खेळणी आणि गेम असा घरचा मोठा धंदा उभा राहिला. अशी घरं वाढली, तसा तिथल्या इलिनॉय राज्यात कायदा झाला. जुलै २०२४ पासून तिथे व्हिडिओत नेहमी दिसणाऱ्या मुलांचा वाटा वेगळा ठेवावा लागतो. आपणही मुलाच्या नावाने बचत खातं उघडू शकतो.

३. कोणता गेम नको?

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम नकोतच. केंद्र सरकारच्या २०२५ च्या कायद्याने त्यांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली आहे. चॅनल जरा वाढला की "आमच्या अ‍ॅपचं नाव घ्या, पैसे देतो" असं सांगणारे येऊ शकतात. स्पष्ट नाही म्हणा. ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.

गटाने काय ठरवलं?

नव्या मोबाईलला कर्ज नाही. माईक आणि स्टँडसाठी १,५०० रुपये दिले. सहा महिने जुन्याच फोनवर काम, आठवड्याला एकच व्हिडिओ, तोही अभ्यास झाल्यावर. ताईंनी चॅनलच्या जमाखर्चाची वेगळी वही घातली. जमेची बाजू अजून कोरी आहे. त्या म्हणाल्या, "शेळी घेतली तरी पहिल्या दिवशी दूध कुठे मिळतं? पण चाऱ्याचा खर्च लिहायलाच लागतो ना!"

पुढच्या बैठकीत चर्चा करा:

• आपल्या घरात कोण कोणता गेम खेळतं, आपल्याला माहीत आहे का?
• सहा महिने एक रुपयाही आला नाही, तर हप्ता कशातून भराल?
• मुलाला कंटाळा आला तर थांबायची मोकळीक आहे का?