पात्यावरचे साल पाहा

प्रश्न : मी फ्रान्समध्ये ल्यों येथे राहतो. जुन्या बाजारात एक लष्करी रायफल आणि लांब संगीन मिळाली. विक्रेता म्हणाला, नेपोलियनच्या सैन्यातली आहे. पात्याच्या पाठीवर ‘सेंत-एतिएन, १८७८’ असे कोरले आहे. घासून चकचकीत करून पुण्याला आणू का?
— एक वाचक

उत्तर : पहिला नेपोलियन १८२१ मध्ये वारला, तिसऱ्याची सत्ता १८७० मध्ये गेली. तुमची संगीन त्यानंतरची, बहुधा १८७४ च्या ‘ग्रा’ रायफलची. पाते सरळ, मूठ लाकडी आणि तिचे टोक पितळी असेल तर खात्रीच समजा. आधीच्या ‘शास्पो’च्या संगिनीचे पाते बाकदार आणि मूठ पितळी असते. नेपोलियनच्या काळातली नाही म्हणून निराश होऊ नका. कागदी काडतूस सोडून फ्रेंच सैन्य धातूच्या काडतुसाकडे वळले ते ‘ग्रा’ रायफलीनेच, आणि संग्राहक तिची कदर करतात.

मुठीजवळच्या आडव्या पट्टीवरचा क्रमांक म्यानावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. जुळला तर मोल वाढते. घासू मात्र अजिबात नका. पॉलिश पेपरने ती सुंदर वळणदार अक्षरे कायमची जातात. मऊ फडक्याने तेलाचा हलका हात पुरे. नळी रिकामी असल्याची जाणकाराकडून खात्री करून घ्या, गोळी झाडून पाहू नका.

फ्रान्समध्ये १९०० पूर्वीच्या बनावटीची अशी शस्त्रे प्रौढांना सहसा परवान्याविना ठेवता येतात. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आहे; केवळ जुनी म्हणून रायफलीला सूट मिळत नाही. लेखी परवानगी हाती येईपर्यंत दोन्ही वस्तू ल्योंमध्येच राहू द्या.