जुन्या सागवानाच्या खुर्च्या अंगणात टिकतील का?

प्रश्न : जुन्या घराचे सागवानी वासे निघालेत. त्यांच्या चार खुर्च्या घरीच करतोय, त्या वर्षभर अंगणातच राहतील. व्हार्निश कोणतं लावावं?
– वाचक, घोडेगाव (ता. आंबेगाव)

उत्तर : व्हार्निश लावूच नका, असंच मी सांगेन. तुमच्याकडे उन्हाळा कडक आणि भीमाशंकरच्या बाजूने येणारा पाऊस लांबलेला. उन्हानं व्हार्निशचा थर तडकतो, भेगेतून पाणी आत जातं आणि पोपडे सुटतात. मग सगळं खरवडून काढायचं काम मागे लागतं. त्यापेक्षा उकळलेलं जवसाचं तेल पातळ हातानं दोनतीनदा लावा, दर वेळी उरलेलं पुसून घ्या. पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी एक हात पुरतो. तेल नाही लावलं तरी साग करडा पडतो, कुजत नाही. मात्र हे गाभ्याच्या लाकडाबद्दल. कडेचा पांढरट भाग वाळवी आणि बुरशी लवकर धरतो, तो कापून टाका.

रंध्याआधी वाशातले खिळे लोहचुंबकानं शोधा. बैठकीच्या पट्ट्यांमध्ये ६ ते ८ मिलिमीटर फट ठेवा, बैठकीला मागे थोडा उतार द्या. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. साध्या लोखंडानं सागावर काळे डाग पडतात. खरी नाजूक जागा पायांची खालची टोकं. तिथून लाकूड पाणी शोषतं, म्हणून ती तेलानं चांगली भिजवा आणि खाली फरशीचे तुकडे ठेवा.

तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. मोकळ्या जागी पसरून वाळवा.